किनाऱ्याने आठ दिवस चालायचं तर शॉर्ट्स कुठली? आधी उलटी करून बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की डिसेंबरात तुम्ही सहा जण हर्णैहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत चालत जाणार, आठ दिवस, रोज १५ ते १८ किलोमीटर, पाठीवर सात-आठ किलोची सॅक, आणि मागच्या वर्षी अलिबागकडे दोनच दिवस चाललात तर दुसऱ्या संध्याकाळी जांघेत घासून घासून असा काच पडला की एसटीच्या पायऱ्या चढवेनात. म्हणून आता विचारताय की शॉर्ट्स कुठली घ्यावी, कॉटनची की ती सुळसुळीत ड्रायफिटवाली, आखूड की गुडघ्यापर्यंत, आणि मिस्टर म्हणतायत की जुनी जीन्स कापून हाफ पँट करू, खर्च कशाला. मिस्टरांचं उत्तर आधी देऊन टाकतो, नको. बाकीचं आता सविस्तर.

मी गुहागर तालुक्यातला, वीसेक वर्षं झाली लोकांना किनाऱ्याने चालवतो. पाय मुरगळला म्हणून अर्ध्यातून परत गेलेली माणसं मला बोटावर मोजण्याइतकी आठवतात, पण जांघ सोलवटली म्हणून तिसऱ्या दिवशी रिक्षा करून घरी गेलेली पुष्कळ. आणि यावर कोणी बोलत नाही हो. तळपायाला फोड आला की माणूस बूट काढून सगळ्यांना दाखवतो, फोटो काढतो, पण जांघेचं कोण कुणाला दाखवणार, मग तो मागे मागे राहतो, पाय फाकून चालतो, आणि विचारलं की म्हणतो गुडघा दुखतोय. तुम्ही सरळ विचारलंत ते बरं केलंत.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. सह्याद्रीत घाटमाथ्यावर चालणं आणि आपल्याकडे पुळणीवरून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरून चालणं यात फरक उन्हाचा नाही, मिठाचा आहे. पावसाळ्यात आपल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं की नाही? झाकण कितीही घट्ट लावा, हवेतला ओलावा मीठ खेचून घेतं. तुमची चड्डी एकदा समुद्राच्या पाण्यात भिजली आणि उन्हात वाळली की ती म्हणजे एक मिठाची बरणीच झाली. हाताला वाळल्यासारखी लागते, पण संध्याकाळी हवा दमट झाली की परत चिकट. साधं मीठ हवेत पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की पाणी धरायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात ते तर त्याच्या कितीतरी आधीच. म्हणजे किनाऱ्यावर ती चड्डी गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय खऱ्या अर्थाने कधी सुकतच नाही. ओलं कातडं, वर मिठाचे खडे, आणि दिवसाला वीस-पंचवीस हजार पावलं. मग काच पडणार नाही तर काय होणार.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. मी एकदा घरच्या वजनकाट्यावर बघितलं होतं, माझी जुनी कॉटनची खाकी हाफ पँट कोरडी ३१० ग्रॅम, भिजवून हाताने घट्ट पिळली तरी ५९० भरली. म्हणजे पाव लिटरच्या वर पाणी तिने धरून ठेवलं, समुद्रात भिजली तर वाळल्यावर नऊ-दहा ग्रॅम मीठ त्या कापडात, दोन चमचे. नायलॉनची शॉर्ट्स कोरडी १४० आणि पिळून १९५. तिच्यात दोन ग्रॅम. हे बघितलं आणि त्या दिवसापासून खाकी हाफ पँट माडांना पाणी लावताना घालायला ठेवली.

म्हणून कापड. पुस्तकात सापडेल की ठरावीक हवेत कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतो, नायलॉन चार टक्के आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. मग वाटेल पॉलिस्टर सगळ्यात भारी. सुकायला आहेच भारी. पण स्वस्तातलं पॉलिस्टर ओलं झालं की खरखरीत लागतं, आणि घामाचा वास असा धरतं की तिसऱ्या दिवशी जेवायला पंगतीत बसायची सोय राहत नाही. माझं मत नायलॉन आणि त्यात थोडं स्पॅन्डेक्स. लेबलवर ८५-९० टक्के नायलॉन आणि बाकी स्पॅन्डेक्स किंवा इलास्टेन लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. हे कापड अंगाला गुळगुळीत लागतं, पाय उचलला की ताणलं जातं, आणि करवंदीच्या काट्यात अडकलं तरी पॉलिस्टरपेक्षा कमी फाटतं. जाडी बघायची तर हातात धरून उजेडासमोर पकडा, बोटं दिसता कामा नयेत पण कापड छत्रीच्या कापडापेक्षा फार जाडही नको. जीन्सचं कापड याच्या दुप्पट-तिप्पट जाड, सगळा कापूस, आणि त्याची आतली शिलाई म्हणजे दोरखंड. ओली जीन्स घालून आरे-वारेची पुळण चालून बघा म्हणावं मिस्टरांना, एकदाच.

पण कापड हा अर्धाच भाग झाला, आणि दुकानात सगळे फक्त कापडच चाचपतात. मी काय करतो सांगू, चड्डी हातात घेतली की पहिल्यांदा ती उलटी करतो. दुकानदार बघत बसतो. बघू दे. उलटी करून आसनाकडे बघायचं, म्हणजे दोन पाय जिथे मिळतात तिथे. साध्या चड्डीत तिथे चार शिलाया येऊन एका ठिकाणी भेटतात, पुढची, मागची आणि दोन्ही मांड्यांच्या आतल्या. कापडाचे सगळे पदर तिथे जमा होतात आणि हरभऱ्याएवढी गाठ तयार होते, ती हाताला लागते. नेमकी ही गाठ आणि तिथून मांडीच्या आतून खाली उतरणारी शिलाई हीच तुमची करवत. अलिबागला जे झालं ते याच गाठीने केलं असणार, अंगावर खूण कुठे होती ते आठवा.

आमच्या आळीत एक शिंपीकाका होते, आता नाहीत. माझी एक महागातली शॉर्ट्स वेळणेश्वरच्या वाटेवर एक गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं बुटकं कुंपण, ओलांडताना आसनात अशी फाटली की आवाज पुढच्या माणसाला ऐकू गेला, कमरेला टॉवेल गुंडाळून उरलेला दिवस काढला आणि घरी आल्यावर काकांकडे नेली. काकांनी चष्मा वर केला, चड्डी उलटी केली, अंगठा त्या गाठीवर घासला आणि म्हणाले, "ह्याला मियानीच नाही रे, फाटेल नाय तर काय होईल?" मियानी म्हणजे आसनाखाली शंकरपाळ्याच्या आकाराचा एक तुकडा लावतात तो, सलवारीला, चुडीदारला असतो बघा. तो लावला की चार शिलाया एका जागी भेटतच नाहीत, शंकरपाळ्याच्या चार कोपऱ्यांना जातात, गाठ फुटते, आणि पाय वर उचलायला कापड मिळतं. काकांनी त्या चड्डीला दुसऱ्या कापडाचा तुकडा लावून दिला, रंग जुळत नव्हता, पण ती चड्डी पुढे सहा-सात वर्षं चालली. ट्रेकिंगच्या चांगल्या शॉर्ट्सना ही मियानी असतेच, तिकडे गसेट म्हणतात. कुणाला शंकरपाळ्यासारखी, कुणाला लांबट होडीसारखी. नसेल तर शॉर्ट्स कितीही भारी कंपनीची असो, परत ठेवून द्या.

दुसरं, शिलाई कशी आहे ते. इंटरलॉक मारलेली शिलाई आत उभी राहते, तिची कड कातड्याला लागते. फ्लॅटलॉक शिलाई कापडावर आडवी झोपलेली असते, बाहेरून बघितलं तर रुळांसारख्या दोऱ्यांच्या ओळी दिसतात. हाताच्या बोटांना फरक कळत नाही कारण आपली बोटं घट्टे पडलेली असतात, मनगटाच्या आतल्या नाजूक बाजूवर ती शिलाई जोर देऊन दहा-बारा वेळा घासा. मनगटाला बोचली तर जांघेला दहा हजाराव्या पावलाला काय करेल ते तुम्हीच समजा. आणि आत कुठे धुलाईच्या सूचनांचं ते प्लास्टिकसारखं लेबल असेल तर घरी आल्यावर ते मुळापासून कापून टाका, अर्धवट कापलंत तर उरलेली कड आणखी बोचते.

या निमित्ताने एक आठवलं. आपल्याकडचे जुने कोळी कमरेला तो चौकड्यांचा रुमाल बांधायचे, अजून काही म्हातारे बांधतात. दिवसभर खाऱ्या पाण्यात, ओल्या दोऱ्या ओढतायत, बोटीत उकिडवे बसतायत, आणि मांडीच्या आतल्या बाजूला एकही शिलाई नाही. ती माणसं काय मूर्ख नव्हती. आपल्याला रुमाल बांधून चालता येणार नाही हे कबूल, पण तत्त्व तेच, जिथे मांडीला मांडी लागते तिथे शिलाई नको, आणि असलीच तर झोपलेली असावी.

आता लांबी. आखूड की गुडघ्यापर्यंत, हे तुमच्या मांड्यांवर आहे आणि यात वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. सडपातळ माणूस, ज्याच्या मांड्या चालताना एकमेकींना लागत नाहीत, त्याने पाच इंची घातली तरी चालते. इथे लांबी म्हणजे आसनापासून खाली मांडीच्या आतून मोजलेली, कमरेपासून नाही. पण बहुतेकांच्या मांड्या लागतात, माझ्याही लागतात, आणि आखूड चड्डी चालता चालता आतल्या बाजूने वर सरकते, गोळा होते, मग कातड्याला कातडं घासतं. म्हणून सात ते नऊ इंच. नऊच्या पुढे गेलात की ती गुडघ्याला लागायला लागते, चढावर प्रत्येक पावलाला कापड गुडघ्यावर ओढतं, आणि ओलं झालं की चिकटतं. थ्री-फोर्थ हा तर सगळ्यात वाईट प्रकार, पँटचं संरक्षण नाही आणि शॉर्ट्सचा मोकळेपणा नाही, गुडघ्याच्या मागे लवणीत ओली कड दिवसभर घासत राहते.

बायकांच्या बाबतीत मी काय सांगणार, आमच्या हिला विचारून लिहितो, ही माझ्याबरोबर चार-पाच वेळा चालली आहे. ती म्हणते सायकलवाल्यांसारखी अंगाला घट्ट बसणारी आठ-नऊ इंची शॉर्ट्स आत घालायची आणि वर सैल हलकी शॉर्ट्स किंवा गुडघ्याच्या वर संपणारा स्कर्ट. कापड कापडावर घसरतं, कातड्यावर नाही. मात्र आतल्या घट्ट शॉर्ट्सला सायकलवाल्यांची ती फोमची गादी नसावी, ती भिजली की संपलंच, बाळाचं लंगोट घालून चालल्यासारखं वाटतं. आणि कमरेला रुंद पट्टा असलेली घ्या, बारीक इलॅस्टिक सॅकच्या पट्ट्याखाली गुंडाळलं जातं. पुरुषांनाही हाच उपाय लागू आहे, फक्त पुरुष ऐकत नाहीत.

यात एक मोठी चूक होते, आणि माझ्या मते निम्म्या लोकांचा काच शॉर्ट्समुळे नसतोच, आतल्या चड्डीमुळे असतो. दोन हजारांची शॉर्ट्स घेतात आणि आत तीच रोजची कॉटनची, जांघेत इलॅस्टिकची कड असलेली. वरचं सगळं सुकलं तरी ती आत ओलीच, आणि कड नेमकी घडीत बसते. एक तर अस्तरवाली शॉर्ट्स घ्या आणि आत काही घालू नका, किंवा बिनअस्तराची घ्या आणि आत लांब पायांची सिंथेटिक चड्डी घाला. दोन्ही एकदम नको. अस्तरातही जाळीचं अस्तर पळणाऱ्यांसाठी असतं, ते तास-दोन तास ठीक, आठ दिवस नाही, पुळणीवर बसलात की त्या जाळीत वाळू जाऊन बसते ती घरी येईपर्यंत निघत नाही.

कमरेचं पटकन सांगतो. इलॅस्टिक आणि आतून नाडी, एवढंच पाहिजे. पितळी बटण, बक्कल, लेदरचा पट्टा काही नको, वर सॅकचा पट्टा आवळला की ते सगळं बेंबीखाली रुततं. मागच्या खिशाला रिबिट असेल तर तेही रुततं. खिसे जाळीचे असले तर वाळू आणि पाणी खाली गळून जातं, मांडीवरचे मोठे कार्गो खिसे बघायला छान, पण त्यात मोबाइल टाकलात की तो प्रत्येक पावलाला मांडीवर आपटतो. चेन प्लास्टिकची बघा, धातूची चेन चार दिवसांत खाऱ्या हवेने धरते. आणि ती फाडल्यासारखा आवाज करणारी चिकटपट्टी असते ना, तिच्यात वाळू गेली की ती चिकटणं सोडून देते, तिच्या भरवशावर पैसे ठेवू नका. रंग कुठलाही घ्या पण फिकट खाकी आणि पांढरा नको, आपली लाल माती आहे, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, एकदा बसलात की डाग कायमचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कोणी करत नाही. घेतलेली शॉर्ट्स कोरडी घालून चालून बघू नका, तिने काही कळत नाही, कोरड्यात सगळ्याच चड्ड्या चांगल्या. दहा लिटरच्या बादलीत साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळवा, झालं समुद्राचं पाणी, तुम्ही चिपळूणला आहात म्हणून सांगतोय. त्यात शॉर्ट्स बुडवा, पिळा, तशीच ओली घाला, सॅक भरून पाठीला लावा आणि पाच-सहा किलोमीटर चालून या. शेजारी हसतील. येताना एखाद्या गडग्यावर पाय टाकून चढून बघा, उकिडवं बसून बघा, कारण वाटेत गडगे ओलांडायचे आहेत आणि होडीत चढताना पाय कमरेएवढा उचलावा लागतो. घरी आल्यावर जिथे चुरचुरतंय तिथे शॉर्ट्सच्या आतून खडूने खूण करा आणि बघा तिथे कुठली शिलाई आहे. एका संध्याकाळचं काम आहे. मी माझ्याबरोबर येणाऱ्यांना हे करायला सांगतो, दहातले दोन करतात, आणि ते दोघं कधी मागे राहत नाहीत.

दुकानात मिळतच नसेल तर शिवून घ्या की. चिपळूणला टेलरांना काय तोटा नाही. एखादी नीट बसणारी शॉर्ट्स नमुन्याला द्या, नायलॉनचं ताणलं जाणारं कापड आणा, आणि तीन गोष्टी सांगा, आसन एक इंच खोल, मियानी लावायची, दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा खाऱ्या पाण्यात कुजतो. पहिल्यांदा टेलर कुरकुरतात, हे कापड मशीनखाली सरकतं म्हणून, पण करतात.

तुमच्या वाटेबद्दल दोन गोष्टी, कारण शॉर्ट्स कुठे घालायची आणि कुठे नाही हे वाटेवर ठरतं. हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर हा भाग पुळणीचा, तिथे शॉर्ट्सच पाहिजे. बुरोंडीहून कोळथऱ्याकडे आणि पुढे दाभोळपर्यंत चढउतार आहे. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट, मग गुहागरची लांबच लांब पुळण, असगोली, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, आणि तवसाळहून परत फेरीबोटीने जयगड. मोठ्या खाड्यांना बोट आहे पण मधले व्हाळ, म्हणजे ओढे, पायीच ओलांडायचे, आणि तिथे किती भिजाल ते भरती-ओहोटीवर. जुना हिशोब लक्षात ठेवा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. असे निघा की व्हाळाच्या तोंडाशी ओहोटीला पोचाल, घोटाभर पाण्यातून जाल. दोन तास चुकलात तर कमरेएवढं, आणि मग दिवसभर ओली चड्डी.

सड्यावरून जाल तिथे मात्र फुल पँट. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, कुसळं नुसती टोचत नाहीत, कापडात आणि मोज्यात घुसून बसतात, आणि करवंदीच्या जाळीतून उघड्या पोटऱ्यांनी गेलात की मांजराने ओरबाडल्यासारखं होतं. खाजकुयलीच्या शेंगा तेव्हा वाळलेल्या असतात, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्याला लागलीय त्याला माहीत आहे. म्हणून एक हलकी पँट सॅकमध्ये वरच ठेवा, शॉर्ट्सवरूनच चढवता येईल अशी. फुरशाची भीती सगळे विचारतात, तर फुरसं बहुतेक करून पावलाला नाही तर घोट्याला चावतं, तिथे शॉर्ट्स की पँट हा प्रश्नच नाही, बूट पाहिजे आणि बघून पाय टाकायला पाहिजे. खडकांवरून जाताना कालवं असतात, पाय घसरला तर उघडा गुडघा ब्लेडने कापल्यासारखा कापतो, हेदवीला बामणघळीकडे उतरताना पँट घालूनच जा. आणि पुढे कधी सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे काजूच्या बागांतून चालायचा विचार केलात तर तिकडे शॉर्ट्स अजिबात नको, २०१६ पासून त्या बाजूला माकडतापाचे पेशंट सापडलेत, गोचिडीतून येतो, आणि त्याचा सीझन साधारण जानेवारी ते मे. तिकडे फुल पँट, मोज्यात खोचलेली.

गावातून जाताना एक पंचा नाहीतर पातळ लुंगी कमरेला. कोणी काही बोलत नाही तोंडावर, पण देवळात जायचं असतं, कुणाच्या पडवीत चहाला बसायचं असतं, आपल्यालाच बरं वाटतं. शिवाय त्याचा खरा उपयोग संध्याकाळी आहे.

संध्याकाळचा नेम असा ठेवा. मुक्कामी पोचलात की चहाच्याही आधी विहिरीवर दोन तांबे गोडं पाणी जांघेत, शॉर्ट्स गोड्या पाण्यात दोनदा खळबळून काढायची, साबण नसला तरी चालेल पण मीठ गेलं पाहिजे. अंग टॉवेलने रगडू नका, टिपून घ्या. मग लुंगी नेसून पडवीत बसा, आत काहीही नको, वारा लागू दे. हे सगळ्यात मोठं औषध आहे आणि फुकट आहे. शॉर्ट्स पडवीत दोरीवर टाका, अंगणात नको, डिसेंबरात रात्री दंव पडतं आणि सकाळी ती टाकली त्याहून ओली मिळते. दोन शॉर्ट्स न्या, एक अंगावर एक दोरीवर, तिसरी नको, ओझं.

सकाळी निघताना जांघेत पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. खोबरेल तेलही लोक लावतात, चालतं, पण तासाभरात कापड पिऊन टाकतं, आणि डिसेंबरात पहाटे ते बाटलीत थिजलेलं असतं, चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गेलं की थिजतंच, मग बाटली चुलीजवळ धरत बसा. पावडर नको. घामात तिचे गोळे होतात आणि तेच घासतात.

आणि एवढं करूनही काच पडलाच तर चुरचुरायला लागल्या क्षणी थांबा, पुढच्या गावात बघू म्हणू नका. बाटलीतल्या गोड्या पाण्याने धुवा, टिपा, झिंक ऑक्साइडचं मलम लावा, लहान बाळांना लावतात ते, आणि दुसरी शॉर्ट्स घाला म्हणजे शिलाईची जागा बदलेल. पण गोल चट्टा उठलाय, कड लाल, खाज सुटतेय आणि पसरतोय, तर तो काच नाही, गजकर्ण आहे. तिथे मेडिकलमधून विचारून मिळणारी ती स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. दोन दिवस खाज थांबते, मग दुप्पट पसरतं आणि औषधांना दाद देईनासं होतं. मी स्वतः भोगलंय, सहा महिने. सरळ कातडीच्या डॉक्टरकडे जा.

उन्हाचं राहिलं. गुडघ्याच्या मागची लवण सगळे विसरतात, दक्षिणेकडे चालताना सकाळभर डावीकडून आणि दुपारनंतर उजवीकडून ऊन लागतं, खालून पुळण तापते ते वेगळंच. सनस्क्रीन लावा पण लावून पाच-दहा मिनिटं उभे राहा, लगेच वाळूत बसलात तर तळायला घोळवलेल्या बोंबलासारखे दिसाल.

तुमच्याकडे अजून महिना आहे. अलिबागला घातलेली ती शॉर्ट्स टाकून दिली नसेल तर उलटी करून आसनाचा एक फोटो पाठवा, उजेडात काढलेला, शिलाई दिसेल असा. मियानी लावून चालण्यासारखी असेल तर नवीन घ्यायचीसुद्धा गरज नाही, आणि मिस्टरांचा खर्चही वाचेल.